निरंक रकाने

सावळझरी ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत, तेविसाव्या पानावर, ‘ई-क्लास झुडपी, साठ एकर’ म्हणजे गावाजवळच्या सरकारी चराईच्या रानाच्या ओळीसमोर झाडे, गवते, पक्षी, प्राणी, कीटक, बुरशी असे सहा रकाने आखलेले होते. सहाही रकान्यांत एकच शब्द होता: निरंक. सरकारी मराठीत शून्यालाही दफ्तरी पोशाख चढवावा लागतो; तो चढला की त्याला निरंक म्हणतात. वहीची मागणी मात्र थोर होती. गावाच्या सीमेत काय काय जगते, कोण कोणाच्या आधाराने जगते आणि हे गावात कोणाला ठाऊक आहे, याची नोंद गावाने स्वतः करावी, अशी ती मागणी. गावाने ते काम एका संस्थेला दिले, संस्थेने सुमीत नावाच्या एका पोरगेल्या कर्मचाऱ्याला दिले, आणि त्याने चौदा गावांच्या चौदा वह्या एका उन्हाळ्यात एकमेकींवरून उतरवून पुऱ्या केल्या. सावळझरीला नदीही नाही, तरी तिच्या वहीत माशांच्या यादीत समुद्रातले पापलेट आहे.

पापलेटामुळे कोणाचे काही बिघडले नाही. बिघडले ते तेविसाव्या पानामुळे. त्या पानाच्या तळाशी ‘माहिती देणार’ म्हणून तानाबाईची सही होती.

श्रावणातल्या एका सकाळी तानाबाई सात बकऱ्या घेऊन झुडपीवर पोहोचली, तेव्हा तिला पळसांच्या रांगेपाशी लाल रंगाची टोके असलेले खुंट ठोकलेले दिसले. तिचे वय अठ्ठावन्न. अंगाने उंच आणि काटक. डावा गुडघा वाताने धरलेला, त्यामुळे ती चालताना काठीचा आधार घेत असे, पण काठी बकऱ्यांसाठी आहे असे सांगत असे. तिवईवर यंत्र लावून दोन माणसे मोजणी करीत होती.

“काय मोजून राह्यले बापू?”

“सोलरचं आहे, मावशी,” त्यांतला एक म्हणाला. “या टोकापासून त्या नाल्यापर्यंत पाट्या बसणार. उन्हावर वीज.”

“अन् बकऱ्या?”

“कुंपण पडेल ना. बकऱ्या दुसरीकडे न्यायच्या.” त्याने पायजम्यात रुतलेले कुसळ उपटून टाकले. “तसंही इथं आहे तरी काय?”

त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. ज्या गवतावर तो उभा होता ते गवतही उन्हावरच चालते, आणि त्यासाठी त्याला कुंपण लागत नाही, हे त्याला कोणी शिकवले नसावे; किंवा शिकवले असेल आणि परीक्षेनंतर त्याने ते परत केले असेल.

तानाबाईने बकऱ्या विहाराच्या आवारातल्या लिंबाला बांधल्या आणि ती ग्रामपंचायतीत गेली. सचिव खुर्चीत होते. बाजूच्या बाकावर सरपंच प्रभाकरराव आणि आणखी चारपाच जण चहा पीत बसले होते. तिने विचारले, “झुडपी कोनं देल्ली?” सचिवांनी कपाटातून वही काढली, तेविसावे पान उघडले आणि टेबलावर तिच्याकडे तोंड करून ठेवले.

“ही सही कोणाची?”

सही तिचीच होती. विहारातल्या रात्रशाळेत चाळिसाव्या वर्षी ती सही करायला शिकली होती. ‘ता’चा काना ती जरा लांब ओढत असे.

“आम्ही आमच्या मनाचं एक अक्षर लिहिलं नाही, तानाबाई,” प्रभाकरराव शांतपणे म्हणाले. “गावात झुडपीची सगळ्यांत माहितगार बाई कोण, असं त्या पोरानं विचारलं. लोकांनी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही सांगितलं, काही नाही. आता पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घेऊ. गावात रस्त्यावर दिवे येतील. तुमच्या वस्तीतही येतील.”

बाकावरचा एक जण हसला. “साठ एकराची मालकीनच होय बाप्पा. सही केली अन् दान देऊन टाकलं.”

बाहेर येऊन तानाबाईने बकऱ्या सोडल्या. वाटेत एक बकरी कोणाच्या तरी तुरीत शिरली, तरी बराच वेळ तिच्या ते ध्यानात आले नाही.

घरी तिची सून मोनाली शाळेतून आली होती. मोनाली आर्वीच्या कॉलेजातून जीवशास्त्रात पदवी घेतलेली. गावच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवायला तासांवर लागलेली. तानाबाईचा मुलगा नागसेन आर्वी आगारात वाहक होता आणि आठवड्यातून दोनदा मुक्कामी गाडीवर असे. त्यामुळे घरातले बरेचसे बोलणे या दोघींतच होत असे. तानाबाईने दिवसभराचे सारे सांगितले. सांगताना ती चुलीपुढे बसून भाकर थापत होती आणि भाकर नेहमीपेक्षा जाड होत होती.

“आई, तुमी असं काऊन सांगतलं?” मोनालीने विचारले. “झुडपीत काय नाई?”

“त्यानं इचारलं, मी सांगतलं.”

“पन खोटं काऊन?”

तानाबाईने भाकर तव्यावर टाकली आणि म्हणाली, “सरकारच्या मानसाले कोनी खरं सांगते काय?”

उत्तराचा हा अर्धा भाग होता. चैतात भर दुपारी सुमीत मोटारसायकलवर आला होता. विहाराच्या सावलीत बसलेल्या बायांना त्याने विचारले, झुडपीतून तुम्ही काय काय आणता? ज्यांच्या तीन पिढ्यांना लाकडाच्या मोळीबद्दल रानातल्या शिपायाने हटकले आहे, त्यांना हा प्रश्न पंचनाम्यासारखा ऐकू येतो. सगळ्या बायांनी तानाबाईकडे पाहिले. तानाबाई म्हणाली, “काय रायते बापू तिथं? कुसळं अन् काटे.” सुमीतच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. उन्हात साठ एकर फिरण्यापासून तो वाचला होता; त्याने पानाच्या तळाशी तिची सही घेतली.

दुसरा अर्धा भाग टेकोड्यांचा होता.

टेकोडे म्हणजे पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या छत्र्या. पांढऱ्या, लांब देठाच्या, शिजल्यावर मटणाच्या तोडीच्या. त्या कुठे उगवतात हे सावळझरीत कोणी कोणाला सांगत नाही. प्रत्येक घराचे आपले वारूळ असते; सासू ते सुनेला दाखवते, तेही एकदाच, आणि सुनेने ते आपल्या माहेरीही बोलायचे नसते. हा रिवाज सगळ्याच जातींत होता. पण तानाबाईच्या घरात त्याला आणखी एक कारण होते आणि ते कारण तिचा सासरा कवडू याने तिला सांगितले होते.

कवडूचे घर गावाची मेलेली ढोरे ओढत असे. ती जागा याच झुडपीच्या पूर्व कोपऱ्यात होती. मेलेले शरीर आधी कोण फाडते, मऊ भाग कोण खाते, हाडाला कोण लागते आणि महिन्याभराने तिथे कोणते गवत सगळ्यांत हिरवे उगवते, हे कवडूला पाठ होते. जे ज्ञान आज पाठ्यपुस्तकात बाणांच्या सुबक चित्रांनी छापले जाते, ते गावाने एका जातीला दोरखंड आणि दुर्गंधी यांच्या माध्यमातून सक्तीने शिकवले होते, आणि शिकलेल्याला शिवायचे नाही अशी व्यवस्थाही करून ठेवली होती. छप्पन साली कवडू नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि त्याने ढोराला हात लावणार नाही असे सांगितले. गावाने त्यांना दुकान बंद केले, काम बंद केले, विहीर तर आधीपासूनच बंद होती. पुढचा पावसाळा सरेपर्यंत वस्तीतली अकरा घरे झुडपीवर जगली. तरोट्याची भाजी, बोरे, कडू कांद्याला राख लावून उकडलेले काप, आणि टेकोडे. गावाला वाटत होते ती महिन्याभरात शरण येतील. ती आली नाहीत, आणि ती कशावर तगली हे गावाला कळले नाही. कळले असते तर झुडपीही बंद झाली असती.

म्हणून कवडू म्हणे, “आपन काय खातो, थे कोनाले सांगू नोको.”

मोनालीने हे तुकड्यातुकड्यांनी ऐकले होते. त्या दिवशी तिने ते सलग ऐकले. तिने ताट बाजूला सरकवले. “मंग आता सांगा लागन,” ती म्हणाली. “नाई सांगतलं त कुंपन पडन.”

“पाहू.”

रविवारी दोघी बकऱ्या घेऊन झुडपीत गेल्या. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि जमीन पायाला चिकटत होती. मोनालीने वहीच्या पानाचे तीन भाग केले होते: अन्न तयार करणारे, खाणारे, कुजवणारे. सहावीला ती हेच शिकवत असे. तानाबाई पुढे चालत होती आणि काठीने दाखवत होती.

“हे मारवेल. हे पवन्या. हे कुसळ, कवळं असन त बकरी खाते, वाळलं का थुंकते. तिकडं बोर, हिवर, पळस. ससा या बोरीखाली बसते. लेंड्या पाह्य. घोरपड त्या दगडात. तित्तर जमिनीवर अंडे देते, म्हनून मी बकऱ्या इकडून नाई नेत फागनात.”

मोनाली लिहीत गेली. पहिल्या भागात गवत, दुसऱ्यात ससा, तित्तर, घोरपड, मुंगूस, कोल्हा, तिसऱ्यात उधई म्हणजे वाळवी आणि बुरशी. मग तिने भागांमधून बाण काढले आणि सासूला दाखवले. गवताकडून सशाकडे, सशाकडून कोल्ह्याकडे, शेवटी मातीकडे. तानाबाई काठीवर रेलून ते चित्र बराच वेळ पाहत राहिली.

“हे उलटं काऊन नाई जात?”

“काय उलटं?”

“उधई शेवटी लिवली तू. पन पवन्या उगोते कुठी? मागल्या साली उधईनं ज्या जागी माती वर काढली, तिथं. तिच्याबिगर गवत बारीक रायते. मंग ती शेवटी कशी? अन् टेकोडं तू कुजवनाऱ्यात लिवलं. उधई वाळलेलं गवत खाली नेते, चघळते, त्याचं शेत करते, त्या शेतात टेकोडं पिकते. जसं आपन सोयाबीन पेरतो. ती शेतकरीन होय.”

मोनालीने चित्र पाहिले. ते चुकीचे नव्हते. फक्त पाठ्यपुस्तकासाठी ज्याने ते मुळात आखले त्याला वारूळ आतून कसे असते हे पुस्तकातून कळले होते, आणि पुस्तकात ते पुढच्या वर्गाच्या धड्यात होते. तिने शेवटच्या बाणाचे टोक वळवून पहिल्या भागाला जोडले. पानावर वर्तुळ झाले, आणि वर्तुळात कोण वरचा आणि कोण खालचा हे दाखवायला जागा उरली नाही.

पूर्व कोपऱ्याजवळ, पळसांच्या दाट जाळीपाशी, तानाबाईने बकऱ्या वळवल्या. “चाल. गुडघा दुखून राह्यला.”

मोनालीला कळले की वारूळ त्या जाळीपलीकडे आहे. लग्नाला चार वर्षे झाली होती, आणि सासूने तिला ते दाखवले नव्हते. नोकरीवाल्या सुनेला याची गरज नाही, असे तानाबाईला वाटत असावे, असे मोनालीने मनाशी ठरवून टाकले होते. वही मिटून ती सासूच्या मागे चालू लागली.

सोमवारी तिने ती यादी सचिवांना दिली. सचिवांनी ती वाचली आणि परत केली. “बोर, पळस, ससा. हे कुठं नाही, मॅडम? रस्त्याच्या कडेलाही आहे. ठरावातलं ‘उल्लेखनीय’ म्हणजे जे इथंच आहे, आणि ज्यावर गावाचं काही अवलंबून आहे. शिवाय माहिती देणारी एक बाई, तिचंच आधीचं म्हणणं उलटं. ग्रामसभेत सांगा काय सांगायचं ते.”

त्या आठवड्यात हरिदास नावाच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनमध्ये निंदण चालले होते. तानाबाई आणि नलू शेजारशेजारच्या ओळींत होत्या. नलू वरच्या आळीतली, तानाबाईच्याच वयाची, बुटकी, तोंडाने तिखट. श्रावण आला की गेली तीस वर्षे ती सकाळी उठून तानाबाई कुठल्या वाटेने जाते याच्यावर नजर ठेवीत असे, आणि तानाबाई तिला दरवर्षी वेगळ्या वाटेने फिरवून थकवीत असे. दोघींचा एकमेकींवर याहून वेगळा राग नव्हता.

“तुया सहीले मोठी किंमत आली वं ताना,” नलू वाकल्यावाकल्या म्हणाली. “आमी आंगठेवाल्याच बऱ्या.”

“तू बी व्हती त्या दिशी विहारापाशी. तू काऊन नाई बोलली?”

“मले कोनं इचारलं?”

“इचारलं असतं त काय सांगतलं असतं?”

नलूने केन्याचा एक लांब धांडा मुळासकट ओढून काढला, त्याची माती झटकली आणि बांधावर फेकला. मग सरळ उभे राहून तिने कमरेवर हात ठेवला.

“कुसळं अन् काटे,” ती म्हणाली.

दोघीही हसल्या. हसण्यात जराशी लाज होती. मग नलूने आवाज खाली आणला. “पन आता काय करशीन? तोंड उघडशीन त समद्यायचं जाईन. उद्या सारं गाव वारूळ खांदत बसन.”

“अन् नाई उघडलं त मशीन खांदन.”

नलू पुन्हा ओळीवर वाकली. खुरप्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

पंधरा ऑगस्टला पहाटे अंधार पुरता विरला नव्हता, तेव्हा तानाबाईने मोनालीला उठवले. “चाल.”

“झेंड्याले टाइम हाय, आई.”

“आधी तुले दाखोतो. मंग गावाले.”

पळसांच्या जाळीत एका अंगाने शिरावे लागे. मोनालीच्या पांढऱ्या साडीला बोरीचे काटे लागले आणि तिने ती वर खोचून घेतली. आत कमरेएवढे वारूळ होते, पावसाने गुळगुळीत झालेले, आणि त्याच्या पायथ्याची माती जागोजाग भेगाळून वर उचलली गेली होती. भेगांतून करड्या टोकांचे कोंब बाहेर येत होते. काही उमलून हातभर रुंदीत पसरले होते. मोनालीने हे सारे पदवीच्या तिसऱ्या वर्षी आकृतीत पाहिले होते आणि आकृतीला दहापैकी नऊ गुण मिळवले होते. ती मातीत गुडघे टेकून बसली.

“माह्या सासूनं मले इथं आनलं तवा मी सतरा वर्साची व्हती,” तानाबाई म्हणाली. “ढोरं वढनं सोडलं त्या सालात अकरा घरं या एका वारुळावर अन् आजूबाजूच्या चार वारुळायवर जगली. तुले आधीच दाखवाले पायजे व्हतं. मले वाटलं, तुले पगार हाय, तुले काय करा लागते.”

“मले पायजे व्हतं,” मोनाली म्हणाली.

तानाबाईने मान हलवली.

झेंडावंदन झाले, मुलांना चॉकलेटे वाटून झाली, आणि शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ग्रामसभा बसली. बाहेर भुरभूर चालू होती. सचिवांनी ठरावाचा मसुदा वाचला: सदर जागा पडीक असून तेथे कोणतीही उल्लेखनीय सजीव सृष्टी नाही, सबब ती प्रकल्पास देण्यास ग्रामसभेची हरकत नाही. वाचून झाल्यावर प्रभाकरराव म्हणाले, “कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.” हे वाक्य सभांमध्ये उठण्याची तयारी करताना म्हटले जाते.

तानाबाई उभी राहिली. तिने काठी मोनालीजवळ ठेवली होती.

“त्या पानावर मी सांगतलं ते खोटं हाय.”

सभेत कुजबुज झाली. प्रभाकररावांनी हात वर करून ती थांबवली. ते हुशार गृहस्थ होते आणि त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला जो विचारायला हवा होता.

“तानाबाई, तेव्हा खोटं बोलल्या की आता बोलता? सभेनं कोणत्या वेळचं खरं मानावं?”

“तवा भेवानं बोलली. आता बिनभेवानं बोलून राह्यली. कोनतं खरं ते तुमी पाहा.” तिचा आवाज चढला नाही. “ज्या साली आमच्या घरानं गावाची ढोरं वढनं सोडलं, त्या साली गावानं आमाले दाना देला नाई. मी कोनाचं नाव घेत नाई, ते मानसं आता नाई. आमचे अकरा घरं त्या झुडपीनं पोसले. म्हनून आमच्यात सांगून ठेवलं व्हतं का झुडपीत काय हाय ते सरकारले बी सांगू नोका, गावाले बी सांगू नोका. ते म्या पाळलं. पाळलं म्हनून हे पान झालं. चूक माही हाय. मी ते पान वापस घेतो.”

शेडच्या पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला होता. पुढे बसलेल्या पोरांनीही हालचाल थांबवली होती.

“ठीक आहे,” प्रभाकरराव म्हणाले. “पण आहे काय तिथं? किडे, मुंग्या, गवत, बुरशी. यात उल्लेखनीय काय?”

“तुमच्या गोठ्यात ढोर मेलं त तुमी कुठी टाकता?”

“झुडपीच्या कोपऱ्यात.”

“मंग ते कुठी जाते?”

प्रभाकररावांनी सचिवांकडे पाहिले.

“आधी गिधाडं येत व्हती, सकाळी टाकलं त संध्याकाळी हाडं. आता गिधाडं गेली, कुत्रे वाढले, म्हनून वास तुमच्या घरापोवतर येते. उरलं ते किडे खाते, मंग माती खाते, मंग त्या जागी गवत माह्या छातीएवढं व्हते, अन् ते गवत तुमची गाय खाते, अन् त्या गाईचा चहा तुमी त्या दिशी पिऊन राह्यले व्हते. आमच्या घरच्यायनं तुमची ढोरं वढली, म्हनून मले मालूम हाय. तुमी फक्त टाकून वापस येत व्हते. कुंपन पडल्यावर कुठी टाकसान, ते ठरावात लिवा.”

मागे कोणीतरी हसले आणि लगेच थांबले. सचिवांनी लेखणीचे टोपण काढले.

“अन् टेकोडे,” तानाबाई म्हणाली. वरच्या आळीतल्या बायांमध्ये एकदम सळसळ झाली. “पूर्व कोपऱ्यात पळसाच्या जाळीत माह्यं वारूळ हाय. सांगून देलं. पुऱ्या झुडपीत टेकोड्याचं तेवढं एकच वारूळ हाय.”

हे तिने मुद्दाम म्हटले की तिची खरीच तशी समजूत होती, हे पुढे तिने कोणालाही सांगितले नाही. पहाटे सुनेला तिने काय सांगितले होते ते मोनालीला आठवले आणि तिने मान खाली घातली.

“एक कायचं?” नलू बसल्या जागेवरून म्हणाली. तिच्या तोंडून ते निसटले होते आणि तिला ते कळलेही. पण तीस वर्षे जपलेल्या ज्ञानाचा असा अपमान ऐकून गप्प बसणे तिच्याने झाले नाही. ती उभी राहिली. “तुलेच दिसते वाटते वारूळ. नाल्याच्या अंगाले माह्यं हाय, तुह्यापेक्षा मोठं. तुह्यावर सरावनात येते, माह्यावर भादव्यात येते, अन् त्याचा देठ हातभर रायते.”

“हातभर कुठी, वितभर असन,” तिसऱ्या ओळीतून एक म्हातारी म्हणाली. “हातभर आमच्या हिवराखालच्याचा.”

“तुमच्या हिवराखाली वारूळ हाय?”

“मंग? तुह्या सासूच्या वक्तापासून.”

मग थांबवणे कोणाच्याच हाती राहिले नाही. बंडूजी नावाचे मेंढरे राखणारे म्हातारे उठले आणि म्हणाले की लावे पक्षी कोणत्या बोरीत बसतात हे कोणी लिहिले काय. नाही लिहिले तर यादी खोटी आहे. कोणी शिंदीच्या पाल्याचे सांगितले, ज्याचे फडे गावभर झाडायला जातात. कोणी सांगितले की शेतातल्या उंदरांना खाणारी धामण झुडपीत अंडी घालते आणि म्हणून काठच्या शेतांत उंदीर कमी आहेत. ते शेतवाले एकमेकांकडे पाहू लागले, कारण हे त्यांनी कधी जोडून पाहिले नव्हते. लोक एकमेकांना दुरुस्त करीत होते, रागावत होते, पुरावे देत होते. चौदा गावांच्या वहीला जे एका उन्हाळ्यात जमले नाही ते एका तासात होत होते, आणि त्याची प्रेरणा एवढीच होती की आपल्याला ठाऊक असलेले दुसऱ्याने चुकीचे सांगू नये. सचिवांचे पान भरले. त्यांनी दुसरे घेतले, तिसरे घेतले. सहा रकान्यांत ते बसेना तेव्हा त्यांनी रकाने आखणेच सोडून दिले आणि आपल्या हस्ताक्षरात सरळ लिहीत सुटले.

“पाहू तरी,” प्रभाकरराव अखेर म्हणाले.

सभा उठून झुडपीकडे चालली. स्वातंत्र्यदिनाची पांढरी वस्त्रे भुरभुरीत ओली झाली, आणि सरपंचांच्या कडक इस्त्रीच्या पायजम्याला पोटऱ्यांपर्यंत कुसळे टोचली. तानाबाई पुढे होती. तिने काठी घेतली नव्हती आणि लंगडतही नव्हती, किंवा लंगडत असेल तर कोणाला दिसू दिले नाही. जाळीपाशी तिने फांद्या बाजूला धरल्या आणि प्रभाकररावांना आत जायला वाट दिली.

ते वाकून आत गेले. पहाटेपेक्षा टेकोडे वाढले होते; त्यांच्या डोळ्यांदेखत एक ढेकूळ जरासे सरकले. हे गृहस्थ या गावात जन्मले, एकसष्ट वर्षे येथे जगले, आणि या जागेची किंमत त्यांनी कागदावर दोनदा लावली होती.

“माझी आजी आणायची,” ते हळू म्हणाले. “कुठून, ते कधी सांगितलं नाही.”

“या झुडपीतूनच,” तानाबाई म्हणाली. “दुसरीकडून कुठून आनन?”

हात तिथेच वर झाले. ठरावाच्या बाजूने नऊ, विरुद्ध एकशे चार. सचिवांनी आडोशाला उभे राहून वही उघडली आणि तेविसाव्या पानावरचा शब्द सहा वेळा खोडला. प्रकल्पाची माणसे पुढच्या आठवड्यात खुंट उपटून शेजारच्या एका गावात गेली. त्या गावाच्या तेविसाव्या पानावर काय लिहिले आहे हे पाहण्याची गरज नव्हती. वही तीच होती.

गर्दी पांगू लागली तेव्हा नलू वारुळाजवळ आली. तिने वाकून एका टेकोड्याच्या देठाला हात घातला आणि मग थांबून तानाबाईकडे पाहिले. तीस वर्षांत या जागी ती पहिल्यांदा उभी होती.

“तोड,” तानाबाई म्हणाली. “पन उपटू नोको. उपटलं का खालचं शेत मोडते, मंग उधई जागा सोडते. चाकूनं काप. अन् बारके राहू दे.” तिने आवाज वाढवला, जेणेकरून जाळीबाहेरच्यांनाही ऐकू जावे. “समद्यायनं असंच करजो.”

तीन दिवसांनी रात्री विजा झाल्या; विजा झाल्या की सकाळी टेकोडे फुटतात. सकाळी तानाबाई बकऱ्या घेऊन नेहमीपेक्षा अर्धा तास उशिरा निघाली. आता कोणाला चुकवायचे नव्हते, घाई करण्यात अर्थ नव्हता. जाळीत शिरताच तिला दिसले की कोणीतरी आधी येऊन गेले होते. वारुळाच्या पायथ्याशी कापलेले देठ होते. तिने मोजले: सतरा. सगळ्यांचे तोंड सपाट, चाकूने घेतलेले. एकाही जागी माती उकरलेली नव्हती, एकही भेग पायाने दबलेली नव्हती. कडेला चार बारके कोंब शाबूत ठेवलेले होते.

कोणत्या घरातले हात येथे आले असतील याचा तिने अंदाज केला, आणि मग तो करणे सोडून दिले. ओच्यात टाकायला तिला काहीही उरले नव्हते. ती पाठ सरळ करून उभी राहिली आणि शिकवलेले पाठ करून आलेल्या वर्गाकडे मास्तरीण पाहते तशी त्या सतरा देठांकडे पाहत राहिली.